चूल आणि सभा : पहिल्या महायुद्धातील अमेरिकेत स्त्रियांनी केलेली अन्नबचतीची भाषणे

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा ब्रिटन, फ्रान्स आणि इटली या मित्रराष्ट्रांना तिच्याकडून सैन्याआधी गहू हवा होता. उत्तर फ्रान्सचा सुपीक प्रदेश खंदकांखाली गेला होता, शेतकरी सैन्यात भरती झाले होते, आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्या दिसेल ते जहाज बुडवू लागल्यामुळे समुद्रमार्गे येणाऱ्या धान्यावर अवलंबून असलेल्या ब्रिटनपुढे उपासमारीचे संकट उभे राहिले होते. अमेरिकेतही त्या वर्षी गव्हाचे पीक बेताचेच होते. लोक नेहमीप्रमाणे जेवत राहिले, तर निर्यातीसाठी जेमतेम २ कोटी बुशेल गहू उरेल, असा सरकारी हिशेब होता. बुशेल हे धान्याचे अमेरिकन माप असून गव्हाचे एक बुशेल सुमारे २७ किलो भरते. गरज त्याच्या कित्येक पटींनी मोठी होती. नवे पीक येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते, त्यामुळे वाढीव गहू मिळण्याची एकच जागा उरत होती, ती म्हणजे अमेरिकन कुटुंबाचे ताट. आणि त्या ताटात काय वाढायचे हे घराघरांतील स्त्रिया ठरवत होत्या.

या स्त्रियांना समजावण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्या बहुतांशी स्त्रियाच होत्या. चर्चच्या सभागृहांत, शाळांच्या वर्गांत, जत्रांच्या तंबूंत, दुकानांत आणि चित्रपटगृहांत उभे राहून त्यांनी गहू, मांस, चरबी आणि साखर यांविषयी भाषणे केली. युद्ध आणि घर यांच्या नात्याचा शोध घेताना या भाषणांकडे थांबून पाहावे लागते, कारण एका लोकशाही राज्याने आपल्या नागरिकांच्या स्वयंपाकघरात कायद्याऐवजी शब्दाच्या बळावर शिरण्याचा हा फार मोठा प्रयोग होता, आणि शब्दाचे सामर्थ्य कोठे चालते व कोठे थांबते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

सक्तीऐवजी शब्द

मे १९१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी अन्नाच्या प्रश्नाची जबाबदारी हर्बर्ट हूवर यांच्यावर सोपवली. हूवर हे व्यवसायाने खाण अभियंते होते, आणि जर्मनीने व्यापलेल्या बेल्जियममधील लोकांना १९१४ पासून अन्न पोहोचवण्याचे काम त्यांनी केले होते. १० ऑगस्ट १९१७ रोजी संमत झालेल्या लीव्हर कायद्याने त्यांच्या नव्या खात्याला, म्हणजे अमेरिकेच्या अन्न प्रशासनाला, व्यापारी, गिरणीमालक आणि साठेबाज यांच्यावर परवान्यांद्वारे नियंत्रण ठेवण्याचे अधिकार मिळाले. घरगुती वापरावर मात्र त्यांनी सक्ती केली नाही. देशात दोन कोटींहून अधिक कुटुंबे होती, त्यांपैकी फार मोठा वर्ग खेड्यांत राहून आपले धान्य, भाजी आणि मांस स्वतःच पिकवीत वा पाळीत असे, आणि अशा घरांत शिधापत्रिका पोहोचली तरी तिचा उपयोग मर्यादितच राहिला असता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्वखुशीने केलेल्या त्यागातच लोकशाहीची शक्ती सिद्ध होते, अशी हूवर यांची धारणा होती.

‘अन्नच युद्ध जिंकील’ हे या प्रशासनाचे घोषवाक्य झाले. आठवड्यातील एक दिवस मांसाविना आणि एक दिवस गव्हाविना काढावा, असा आग्रह सुरू झाला आणि पुढे गव्हाविना दिवसांची संख्या वाढली. हूवर यांच्या नावावरून काटकसर करणे या अर्थाचे एक क्रियापदच इंग्रजी बोलण्यात रूढ झाले.

वक्त्यांचे पहिले काम ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचे होते, आणि ते उत्तर वाटते तितके सोपे नव्हते. मका अमेरिकेत मुबलक होता. मग तोच युरोपला पाठवून गहू आपण का खाऊ नये, हा प्रश्न कोणत्याही समंजस गृहिणीला पडणे स्वाभाविक होते. वक्त्या त्याचे उत्तर देत : मक्याचे पीठ दमट हवेत, जहाजाच्या तळाशी आठवडेच्या आठवडे राहिले की खवट होते. त्याला गव्हाच्या पिठासारखा चिकटपणा नसल्याने त्याचा फुगलेला पाव होत नाही. आणि फ्रान्स वा इंग्लंडमधील शहरी स्त्री पाव घरी न भाजता भटारखान्यातून आणते, शिवाय ती आता दारूगोळ्याच्या कारखान्यातही राबते आहे, त्यामुळे तिला नव्या धान्याची पाककृती शिकायला वेळ नाही. दुसरा प्रश्न जहाजांचा होता. गहू ऑस्ट्रेलियात, अर्जेंटिनात आणि हिंदुस्थानातही होता, पण तेथून युरोपला जाण्यास लागणारा वेळ अमेरिकेहून लागणाऱ्या वेळेहून बराच अधिक होता, आणि पाणबुड्यांनी जहाजे बुडवली असल्याने प्रत्येक फेरी मोलाची झाली होती. अशा रीतीने भाकरी, समुद्र आणि रणभूमी यांचा संबंध जोडून दाखवणे, हा या भाषणांचा कणा होता.

बोलण्याचा हक्क आधीच मिळवलेला

हजारो स्त्रिया काही महिन्यांत व्यासपीठावर उभ्या राहू शकल्या, याचे कारण ऐंशी वर्षांच्या संघर्षात आहे. १८३७ मध्ये सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या दोघी बहिणी मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरीविरुद्ध बोलू लागल्या, तेव्हा स्त्रीपुरुषांच्या संमिश्र सभेपुढे स्त्रीने बोलणे धर्माला धरून नाही, असे पत्रक तेथील काही धर्मोपदेशकांनी काढले होते. पुढे दारूबंदीच्या चळवळीने ही भिंत मोठ्या प्रमाणावर पाडली. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघाने, विशेषतः फ्रान्सिस विलार्ड यांच्या नेतृत्वाखाली, गावोगावच्या स्त्रियांना सभा बोलावणे, ठराव मांडणे, वर्गणी गोळा करणे आणि न घाबरता बोलणे शिकवले. घराच्या रक्षणासाठी स्त्रीने घराबाहेर येऊन बोलले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि अन्नबचतीच्या भाषणांनी नेमका तोच पुढे चालवला.

या वातावरणाची ओळख मराठी वाचकांना फार लवकर झाली होती. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला गेलेल्या पंडिता रमाबाई दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या, ठिकठिकाणी स्वतः व्याख्याने दिली, विलार्ड यांच्या संघाशी त्यांचा निकटचा संबंध आला, आणि १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी अमेरिकन स्त्रियांच्या संघटित कार्याचे सविस्तर वर्णन केले. त्यांनी पाहिलेले स्त्रियांचे हे संघटन तीस वर्षांनी युद्धकाळात राष्ट्राच्या कामी आले.

त्या पिढीच्या प्रतिनिधी म्हणजे डॉ. अॅना हॉवर्ड शॉ. १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि मिशिगनच्या जंगलातील लाकडी घरात वाढलेल्या शॉ लहानपणी झाडांच्या बुंध्यांवर उभ्या राहून झाडांनाच प्रवचने देत असत, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. १८८० मध्ये त्या धर्मोपदेशक झाल्या, १८८६ मध्ये बोस्टनमधून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, आणि १९०४ ते १९१५ या काळात त्या स्त्रीमताधिकाराच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष होत्या. ध्वनिक्षेपक प्रचारात येण्यापूर्वीच्या त्या काळात मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे हीच एक विद्या होती, आणि शॉ त्या विद्येत पारंगत होत्या. एप्रिल १९१७ मध्ये राष्ट्रीय संरक्षण परिषदेने स्त्री समिती नेमली, तेव्हा सत्तरीला टेकलेल्या शॉ यांना तिचे अध्यक्षपद देण्यात आले. स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या मक्तेदारीचा इतिहास लिहिणाऱ्या पत्रकार आयडा टार्बेल, मताधिकार चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट आणि हातमोजे शिवणाऱ्या कामगारांच्या नेत्या अॅग्नेस नेस्टर अशा भिन्न विचारांच्या स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या.

समितीला अधिकार मात्र फारसे नव्हते. ती सल्लागार स्वरूपाची होती, तिच्याकडे पैसा तुटपुंजा होता, आणि अन्न प्रशासनाने स्त्रियांसाठी आपली स्वतंत्र यंत्रणाही उभी केल्यामुळे एकाच गावात दोन संस्थांकडून दोन सूचना येत असत. स्त्रियांचे श्रम हवेत पण निर्णयात वाटा नको, या वृत्तीविरुद्ध शॉ यांना युद्धाच्या काळातही झगडावे लागले.

सभा कशी भरत असे

या मोहिमेची रचना राज्य, जिल्हा आणि गाव अशा पायऱ्यांनी उतरत गेली होती. राज्याच्या समितीत वक्त्यांचा एक विभाग असे. तो वक्त्यांची यादी ठेवी, त्यांना छापील टिपणे पुरवी आणि कोणत्या गावी कोण जाईल हे ठरवी. गावात मात्र सभा नव्याने उभारावी लागत नसे. स्त्रियांचे क्लब, चर्चच्या मंडळ्या, शेतकऱ्यांच्या संघटना आणि शाळांच्या पालकसभा आधीपासून होत्या. त्यांच्या नेहमीच्या बैठकीतला एक तास मागून घेतला की श्रोते तयार असत. वक्तीला ओळखणारी, तिच्या आधी उभी राहून तिची ओळख करून देणारी स्थानिक बाई हा या साखळीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा होता, कारण परक्या शहरातून आलेल्या स्त्रीचे म्हणणे गाव ऐकते ते गावातल्या कोणाच्या तरी शब्दावर.

यातील सर्वाधिक परिणामकारक भाषणांत वक्तीचे हात रिकामे नसत. १९१४ च्या स्मिथ–लीव्हर कायद्याने कृषी विद्यापीठांचे ज्ञान शेतापर्यंत आणि घरापर्यंत नेण्यासाठी केंद्र सरकारचे अनुदान सुरू केले होते, आणि त्यातून गृहप्रात्यक्षिक कार्यकर्त्या, म्हणजे जिल्ह्यात फिरून घरकामाच्या सुधारित पद्धती करून दाखवणाऱ्या प्रशिक्षित स्त्रिया, नेमल्या जात होत्या. युद्ध सुरू झाल्यावर या कामाला तातडीचा निधी मिळाला आणि अशा स्त्रियांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांचा अनुभव जुना होता. दक्षिण कॅरोलिनातील एकन परगण्यात मारी क्रोमर या शिक्षिकेने १९१० मध्ये मुलींचा टोमॅटो क्लब सुरू केला होता, ज्यात प्रत्येक मुलीने एक दशांश एकर जमिनीत टोमॅटो पिकवून ते डबाबंद करायचे असत. उत्तर कॅरोलिनात जेन मॅकिमन यांनी हेच काम राज्यभर पसरवले. अन्न टिकवण्याची ही विद्या युद्धकाळात राष्ट्रकार्य ठरली.

प्रात्यक्षिकाची सभा साधारणतः एका मेजाभोवती भरे. मेजावर रॉकेलची शेगडी, मोजण्याचे पेले, मक्याचे, ओटचे, जवाचे आणि राय या धान्याचे पीठ मांडलेले असे. वक्ती पीठ मळता मळता सांगत जाई की मक्याच्या पिठाला पाणी अधिक का लागते, पावात गव्हाचा किती भाग दुसऱ्या पिठाने भरून काढला तरी तो फुगतो, आणि मांसातील प्रथिने, म्हणजे शरीराची झीज भरून काढणारे घटक, घेवड्याच्या वा वाटाण्याच्या दाण्यांतून कशी मिळतात. पदार्थ भाजून निघेपर्यंत प्रश्नोत्तरे चालत, मग तो सर्वांना चाखायला मिळे आणि पाककृतीचे पत्रक घेऊन बाया घरी जात. ज्या आवाहनाचा शेवट चवीत होतो, त्यावर अविश्वास दाखवणे कठीण असते, हे या कार्यकर्त्यांनी जाणले होते.

कॉर्नेल विद्यापीठात मार्था व्हॅन रेन्सलेअर आणि फ्लोरा रोज यांनी हेच शास्त्र वर्गात आणि खेड्यात एकाच वेळी शिकवले होते. शेतकऱ्यांच्या पत्नींसाठी १९०० पासून चालवलेल्या वाचन अभ्यासक्रमातून व्हॅन रेन्सलेअर यांना ठाऊक होते की शेतावरील स्त्री बुद्धीने कमी नसते, तिच्याकडे वेळ कमी असतो. युद्धकाळात अन्न प्रशासनाच्या गृहविभागाचे काम त्यांच्याकडे आले ते याच अनुभवामुळे. लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक पुस्तकातून उष्मांक ही संकल्पना, म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे मोजमाप, सामान्य वाचकापर्यंत पोहोचवली आणि अंगावर साठवलेली चरबी हीदेखील युद्धकाळातली साठेबाजीच आहे, असे मांडून वजन उतरवणाऱ्या स्त्रियांचे गट स्थापण्यास सुचवले. अन्नाकडे शास्त्राच्या नजरेने पाहण्याची सवय सामान्य घरांत रुजण्यास अशा लेखनाचा आणि भाषणांचा मोठा हातभार लागला.

चार मिनिटांचे भाषण आणि खिडकीतले पत्रक

सभेला न येणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी चित्रपटगृह निवडले गेले. मूकपटांच्या त्या काळात फितीचे एक रीळ संपून दुसरे लागेपर्यंत काही मिनिटे पडदा कोरा राहत असे. सरकारच्या लोकमाहिती समितीने या अवकाशात चार मिनिटे बोलणाऱ्या स्वयंसेवक वक्त्यांची देशव्यापी संघटना बांधली आणि तिच्यातील वक्त्यांची संख्या सुमारे ७५,००० पर्यंत गेली. हे वक्ते बहुतांशी पुरुष होते. परंतु दुपारच्या खेळांना प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले येत असल्याने तेथे बोलण्यासाठी स्त्रियांचे स्वतंत्र विभाग निर्माण झाले. केंद्राकडून मुद्द्यांची टिपणे येत, पण शब्द वक्तीने स्वतःचे वापरायचे आणि चार मिनिटांपलीकडे एक क्षणही बोलायचे नाही, असा दंडक होता. तासाभराच्या प्रवचनात वाढलेल्या पिढीला ही शिस्त नवी होती, आणि थोडक्यात, एकच मुद्दा धरून बोलण्याचे शिक्षण तिने हजारोंना दिले.

प्रत्येक भाषणाचा शेवट एका कागदावर होत असे. हे प्रतिज्ञापत्र होते. आपली परिस्थिती परवानगी देईल तितपत आपण अन्न प्रशासनाच्या सूचना आपल्या घरात पाळू, एवढेच त्यात लिहिलेले असे, आणि सही करणारी गृहिणी अन्न प्रशासनाची सदस्य मानली जाई. तिला खिडकीत लावण्यासाठी एक छापील पत्रक मिळे. १९१७ च्या उन्हाळ्यातील पहिल्या मोहिमेला मिळालेला प्रतिसाद अपुरा ठरल्यावर २८ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर या आठवड्यात स्वयंसेविका पुन्हा दारोदार फिरल्या, आणि अखेरीस एक कोटीहून अधिक कुटुंबांनी सह्या केल्या.

दारात उभे राहून बोलणे हे व्यासपीठावर बोलण्यापेक्षा अवघड होते. घरी डबाबंद केलेली फळे आणि भाज्या सरकार जप्त करणार, अशी अफवा अनेक भागांत पसरली होती आणि ती खोडून काढण्यासाठी प्रशासनाला वारंवार खुलासे करावे लागले. सही म्हणजे कर, सही म्हणजे मुलाची सैन्यभरती, अशा शंकाही घेतल्या जात, आणि त्यांचे निरसन करण्याची जबाबदारी ओट्यावरचे काम सोडून आलेल्या एखाद्या शेजारणीवर पडे. येथे या मोहिमेची एक काळी बाजूही नोंदवली पाहिजे. खिडकीतले पत्रक ज्या घरात दिसत नसे, ते घर शेजाऱ्यांच्या नजरेत संशयास्पद ठरे, आणि जर्मन वंशाच्या कुटुंबांना तर हा संशय अधिकच जाचत असे. कायद्याने नसलेली सक्ती समाजाच्या नजरेने केली, आणि ‘स्वेच्छा’ या तत्त्वाला त्यामुळे गालबोट लागले.

ज्यांच्या ताटात आधीच उणे होते

अन्न प्रशासन अस्तित्वात येण्यापूर्वी, फेब्रुवारी १९१७ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि लोअर ईस्ट साइड या वस्त्यांतील ज्यू स्थलांतरित स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. कांदे, बटाटे आणि कोंबड्यांचे भाव आवाक्याबाहेर गेल्याने त्यांनी हातगाड्या उलथल्या, खरेदीवर बहिष्कार घातला आणि २० फेब्रुवारीला महापौरांच्या कचेरीवर मोर्चा नेला. अन्नाविषयीचे हेही स्त्रियांचे सार्वजनिक भाषणच होते. त्यासाठी त्यांना ना छापील टिपण मिळाले ना व्यासपीठ, आणि त्यांची मागणी बचतीची नसून रास्त भावाची होती.

काही महिन्यांनी याच वस्त्यांत अन्नबचतीचे आवाहन पोहोचले. त्यासाठी यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा, आणि इटालियन अशा भाषांत भित्तिपत्रके छापली गेली. परंतु ज्या घरात आठवड्यातून एकदाच मांस शिजत होते, तेथे मांसाविना मंगळवार पाळा असे सांगण्यात अर्थ नव्हता, आणि गव्हाऐवजी सुचवलेली पिठे पुष्कळदा गव्हाच्या पिठाहून महाग असत. सुस्थितीतील घरात मांसाऐवजी मासळी आणि अंडी येत, कष्टकऱ्याच्या घरात पाव हाच मुख्य आहार होता. जानेवारी १९१८ पासून गव्हाच्या पिठाइतक्याच वजनाचे दुसऱ्या धान्याचे पीठ घेतल्याशिवाय गव्हाचे पीठ मिळणार नाही, असा नियम दुकानदारांवर घातला गेला, तेव्हा त्याचा खरा भार या कुटुंबांवर पडला. स्थलांतरितांच्या घरांत वर्षानुवर्षे जात असलेल्या समाजसेविका त्यांच्या स्वयंपाकातील काटकसरीची पद्धती ओळखून होत्या. डाळी, भाज्या आणि थोडेसे मांस एकत्र शिजवण्याची इटालियन वा पूर्व युरोपीय रीत हीच खरी अन्नबचत होती, आणि ती शिकवण्यापेक्षा शिकून घेण्यासारखी होती.

कृष्णवर्णीय स्त्रियांचा अनुभव आणखी वेगळा होता. दक्षिणेकडील राज्यांत वंशभेदाच्या नियमांमुळे सभा, वर्ग आणि समित्या वेगळ्या भरत, आणि बहुतेक ठिकाणी निधी व निर्णय गोऱ्या समित्यांच्या हाती असत. १९१८ मध्ये कवयित्री आणि शिक्षिका अॅलिस डन्बर-नेल्सन यांनी स्त्री समितीच्या क्षेत्रप्रतिनिधी म्हणून दक्षिणेत दौरा करून कृष्णवर्णीय स्त्रियांचे काम संघटित केले आणि युद्धानंतर त्याचा वृत्तान्त लिहिला. चर्च आणि स्त्रीमंडळे यांच्या बळावर या स्त्रियांनी भाजीपाला पिकवला, तो टिकवला, सह्या गोळा केल्या आणि भाषणे केली. मात्र ज्या लोकशाहीच्या रक्षणासाठी हे सारे चालले होते, तिच्यात त्यांना स्वतःला पूर्ण स्थान नव्हते.

ब्रिटनने घेतलेला वेगळा मार्ग

ब्रिटनमध्येही सुरुवात भाषणांनीच झाली. १९१७ मध्ये नव्या अन्न मंत्रालयाने स्त्रियांच्या विभागाची सूत्रे दोघींकडे दिली. त्यांपैकी डोरोथी पील या गृहव्यवस्थापनावर लिहिणाऱ्या पत्रकार होत्या, तर मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी लंडनच्या लँबेथ भागातील कष्टकरी कुटुंबे आठवड्याला एका पौंडाच्या आसपास उत्पन्नात कशी जगतात, याचा अभ्यास १९१३ मध्ये प्रसिद्ध केला होता. पील देशभर सभा घेत फिरल्या. मे १९१७ मध्ये राजाच्या नावाने निघालेल्या जाहीरनाम्याने प्रजेला पावाचा वापर एक चतुर्थांशाने कमी करण्यास सांगितले. त्याच महिन्यात लंडनमध्ये राणी मेरी यांच्या हस्ते पहिले राष्ट्रीय स्वयंपाकघर उघडले, जेथे शिजवलेले अन्न माफक दरात मिळे आणि इंधन व वेळ दोन्ही वाचत.

तरीही रांगा वाढत गेल्या. मध्यमवर्गीय स्त्रीने कष्टकरी स्त्रीला पाव कमी खा म्हणून सांगणे, आणि त्याच वेळी श्रीमंत घरांत साठे असल्याच्या बातम्या येणे, यातील विसंगती भाषणाने मिटण्यासारखी नव्हती. १९१८ च्या आरंभी साखरेपासून सुरुवात करून ब्रिटनने शिधावाटप लागू केले, आणि सर्वांना सारखा वाटा मिळतो हे दिसल्यावर रांगा ओसरल्या. जेथे तुटवडा तीव्र आणि विषमता उघड असते, तेथे आवाहनाने वाटपाची वाट तयार करता येते, वाटपाची जागा घेता येत नाही, हा धडा ब्रिटनने दिला.

फलित आणि निष्कर्ष

अमेरिकेच्या प्रयोगाचे आकडे लक्षणीय आहेत. १९१७ च्या पिकातून जेथे २ कोटी बुशेल गहू उरणार होता, तेथे सुमारे १४ कोटी बुशेल मित्रराष्ट्रांकडे गेला, आणि १९१८–१९ या वर्षात अमेरिकेची एकूण अन्ननिर्यात युद्धपूर्व सरासरीच्या दुपटीहून अधिक झाली. त्यात वाढीव भावांचा, व्यापाऱ्यांवरील नियंत्रणाचा आणि १९१८ च्या चांगल्या पिकाचाही वाटा होता. म्हणून सगळे श्रेय भाषणांना देणे अयोग्य ठरेल. पण नवे पीक येण्यापूर्वी जो गहू गेला, तो प्रामुख्याने ताटांतून वाचलेला होता.

दुसरे फलित राजकीय होते. प्रतिज्ञापत्रांचा आठवडा संपल्यानंतर दोनच दिवसांनी, ६ नोव्हेंबर १९१७ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील पुरुष मतदारांनी स्त्रियांना मताधिकार दिला. त्यामागे अनेक वर्षांची चळवळ होती, परंतु जिला राष्ट्र आपल्या वतीने बोलायला पाठवते तिला मत देण्याचा अधिकार नाही, ही विसंगती युद्धाने सर्वांच्या डोळ्यांपुढे आणली. सप्टेंबर १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सीनेटपुढे याच मुद्द्यावर मताधिकाराची बाजू मांडली आणि ऑगस्ट १९२० मध्ये संविधानातील एकोणिसावी दुरुस्ती अमलात आली. १९१९ मध्ये विशिष्ट सेवेचे राष्ट्रीय पदक मिळालेल्या अॅना हॉवर्ड शॉ तो दिवस पाहू शकल्या नाहीत. राष्ट्रसंघाच्या समर्थनार्थ व्याख्याने देत फिरताना त्या आजारी पडल्या आणि जुलै १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

या साऱ्या काळात हिंदुस्थानातील धान्याचाही मित्रराष्ट्रांना उपयोग झाला, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. १९१५ पासून गव्हाची निर्यात भारत सरकारने आपल्या ताब्यात घेतली होती, आणि १९१८ मध्ये पावसाने दगा दिल्यावर मुंबई इलाख्यात टंचाई आणि इन्फ्लुएंझाची साथ एकत्र आली. अमेरिकन गृहिणीच्या दारात तिची सही मागायला कोणी तरी आले होते; येथील शेतकऱ्याच्या बायकोची संमती कोणालाही घ्यावीशी वाटली नाही. १९६५ च्या युद्धकाळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि अनेक घरांनी सोमवारची रात्र उपाशी काढली, तेव्हा भारतीय नागरिकाला आपल्या सरकारने विचारले होते आणि त्याने स्वतःच्या इच्छेने उत्तर दिले होते. विचारणे आणि काढून घेणे यांतील हे अंतर कोणत्याही अन्नधोरणाची पहिली कसोटी आहे.

दुसरी कसोटी त्या वक्त्या स्त्रियांच्या अनुभवातून मिळते. ज्यांनी मेजावर पीठ मळून दाखवले, श्रोत्यांच्या भाषेत प्रश्नांना उत्तरे दिली आणि समोरच्या घरात किती शिजते हे आधी जाणून घेतले, त्यांचे शब्द टिकले. ज्यांनी वरून उपदेश केला, त्यांचे शब्द भित्तिपत्रकासारखे निघून गेले. अन्न वाचवा असे समाजाला सांगणाऱ्याने सर्वांत आधी भरलेल्या ताटाकडे वळावे, रिकाम्या ताटाला वाटा मिळेल याची हमी द्यावी, आणि मगच बोलायला उभे राहावे. आजही टंचाईच्या काळात, पंगतीत वा धोरणात, हा क्रम उलटा होऊ न देणे हे सरकारचे आणि नागरिकांचे समान कर्तव्य आहे.